भिन्न कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर : जोडणी नेमकी कुठे अडते

गृहनिर्माण संस्था, शाळा, लहान रुग्णालये आणि दुकाने यांमधली सीसीटीव्ही यंत्रणा बहुधा टप्प्याटप्प्याने उभी राहते. आरंभी कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच कंपनीचे बसवले जातात. काही वर्षांनी त्यांतला एखादा कॅमेरा पावसाने किंवा विजेच्या चढउताराने निकामी होतो, ते मॉडेल तोवर बाजारातून गेलेले असते आणि त्या जागी हाताशी असेल तो दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा येतो. भारतात या सरमिसळीला अलीकडे आणखी एक कारण मिळाले आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक निकष अधिसूचित केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. त्यामुळे नव्याने विक्रीला येणारा कॅमेरा या निकषांवर उतरलेला असावा लागतो, मात्र आधीपासून बसवलेला रेकॉर्डर जुनाच राहतो. जुना रेकॉर्डर आणि परका कॅमेरा अशी जोडी जमवण्याची वेळ त्यामुळे अधिक वेळा येणार, हे उघड आहे.

अशा जोडीतला बिघाड शोधताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. जोडणी ही एकच क्रिया नसून क्रमाने घडणाऱ्या अनेक क्रियांची मालिका असते: कॅमेऱ्याला पुरेशी वीज मिळणे, रेकॉर्डरला त्याचा पत्ता सापडणे, नाव आणि पासवर्ड यांवरून ओळख पटणे, चित्राचा प्रवाह सुरू होणे, तो प्रवाह रेकॉर्डरला उलगडता येणे आणि अखेरीस कॅमेऱ्याने टिपलेल्या हालचालीची सूचना रेकॉर्डरपर्यंत पोचणे. रेकॉर्डरचा पडदा मात्र या सर्व पायऱ्यांवरचे अपयश दोन-तीन ठरावीक वाक्यांत सांगतो आणि ती वाक्ये पुष्कळदा भलत्याच पायरीकडे बोट दाखवतात. म्हणून पडद्यावरच्या संदेशावर विसंबण्यापेक्षा, आपण नेमके कोणत्या पायरीपर्यंत पोचलो आहोत हे स्वतंत्रपणे पडताळणे हीच दुरुस्तीची खरी पद्धत होय.

ज्यांच्याकडे समाक्ष म्हणजे कोॲक्सियल केबलवर चालणारे कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर, आहेत, त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. जुने ॲनालॉग चित्र सर्व कंपन्यांत एकाच पद्धतीचे असल्याने कोणताही कॅमेरा कोणत्याही डीव्हीआरला लावता येत असे. परंतु त्याच केबलवरून उच्च दर्जाचे चित्र पाठवण्याच्या तीन वेगळ्या पद्धती २०१२ ते २०१४ या काळात पुढे आल्या. दाहुआ कंपनीची एचडी-सीव्हीआय, टेकपॉइंट या चिप बनवणाऱ्या कंपनीची एचडी-टीव्हीआय (जी हिकव्हिजनने उचलून धरली) आणि नेक्स्टचिप या कोरियन कंपनीची एएचडी अशी त्यांची नावे आहेत. या पद्धतींचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका पद्धतीचा कॅमेरा दुसऱ्या पद्धतीच्या डीव्हीआरला लावल्यास चित्र येतच नाही, किंवा फाटलेले, रंगहीन येते. पुढे तिन्ही पद्धती ओळखणारे डीव्हीआर आणि या तीन व जुनी ॲनालॉग अशा चारही प्रकारचे संकेत देऊ शकणारे कॅमेरे बाजारात आले. अशा कॅमेऱ्याच्या वायरीवर बारीक बटण किंवा जॉयस्टिक असते. ती ठरावीक दिशेला काही सेकंद दाबून धरली की पद्धत बदलते. चित्र न येणारा कॅमेरा निकामी ठरवण्यापूर्वी ही पद्धत बदलून पाहणे आणि डीव्हीआर ते रिझोल्यूशन स्वीकारतो का हे तपासणे आवश्यक आहे, कारण पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलपर्यंतच झेप असलेल्या डीव्हीआरवर पद्धत जुळूनही दिसत नाही.

या यंत्रणांतला दुसरा बिघाड कंपन्यांच्या भिन्नतेचा वाटतो, पण तो विजेचा असतो. नवा कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि अंधार पडताच बंद-चालू होऊ लागतो, तेव्हा दोष सहसा रेकॉर्डरशी न जुळण्यात नसतो. अंधारात कॅमेऱ्यातले अवरक्त प्रकाश देणारे एलईडी पेटतात, कॅमेरा दिवसापेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढतो, आणि थ्री-प्लस-वन केबलमधल्या बारीक तारांतून लांबवर आलेले १२ व्होल्ट त्या भाराखाली इतके घसरतात की कॅमेरा पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो. कॅमेऱ्याच्या टोकाशी, एलईडी पेटलेले असताना, मल्टीमीटरने व्होल्टेज मोजले की हा प्रश्न निकालात निघतो. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, टोकाशी मोजलेले १२ व्होल्ट काहीही सिद्ध करत नाहीत.

नेटवर्कवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांना वीज बहुधा नेटवर्कच्याच केबलमधून दिली जाते आणि त्या पद्धतीला पीओई म्हणतात. तिचे पहिले प्रमाण २००३ चे असून त्यात स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देतो, तर २००९ च्या सुधारित प्रमाणात ही मर्यादा ३० वॅट झाली. फिरणाऱ्या, म्हणजे पीटीझेड कॅमेऱ्याला पहिल्या प्रमाणाची वीज अनेकदा अपुरी पडते. शिवाय सर्व पोर्टची मिळून स्विचची एक एकूण मर्यादा असते, ती ओलांडल्यास शेवटी जोडलेला कॅमेरा उठत नाही आणि दोष त्या कॅमेऱ्याच्या कंपनीवर येतो. तांब्याच्या नेटवर्क केबलची कमाल लांबी १०० मीटर मानली जाते, पण ती शुद्ध तांब्याच्या तारेची आहे. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात सर्रास मिळते. तिचा विद्युतरोध जास्त असल्याने ती त्या अंतरावर वीज धडपणे पोचवू शकत नाही. संशय आल्यास कॅमेरा उतरवून रेकॉर्डरजवळ आणावा आणि दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डवर जोडून पाहावा. तिथे तो चालला तर पुढची सगळी चौकशी केबलची करावी.

वीज पोचल्यानंतरची पायरी पत्त्याची. कारखान्यातून निघताना प्रत्येक कॅमेऱ्याला एक आयपी पत्ता दिलेला असतो आणि तो कंपनीगणिक वेगळा असतो: हिकव्हिजनचे बरेच कॅमेरे १९२.१६८.१.६४ हा पत्ता घेऊन येतात, तर दाहुआचे १९२.१६८.१.१०८. इमारतीतले नेटवर्क १९२.१६८.०.० या मालिकेतले असेल तर यांपैकी कोणताही कॅमेरा रेकॉर्डरला गाठता येत नाही. दुसरीकडे, एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे एकदम जोडले तर दोघांचा पत्ता एकच निघतो आणि दोन्ही आलटून पालटून दिसतात-नाहीसे होतात. म्हणून परका कॅमेरा रेकॉर्डरला लावण्यापूर्वी तो एकटा संगणकाला जोडून त्याला यंत्रणेतला मोकळा, कायमचा पत्ता देऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

इथे एक बारकावा पुष्कळ वेळ खातो. ज्या एनव्हीआरच्या, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या, पाठीवरच पीओई पोर्ट असतात, त्याचे ते पोर्ट एक स्वतंत्र, आतले नेटवर्क असते. हिकव्हिजनच्या एनव्हीआरमध्ये ते सहसा १९२.१६८.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचे असते. स्वतःच्या कंपनीच्या कॅमेऱ्याला एनव्हीआर त्या मालिकेतला पत्ता आपोआप नेमून देतो, कारण दोघांची खाजगी भाषा एकच असते. परक्या कॅमेऱ्याला तो तसा हुकूम देऊ शकत नाही, त्यामुळे कॅमेरा पोर्टवर दिवा लावून बसतो पण वाहिनीवर काही उमटत नाही. त्या कॅमेऱ्याला आधी आतल्या मालिकेतला पत्ता हाताने द्यावा आणि एनव्हीआरमध्ये त्या वाहिनीची जोडणी 'प्लग अँड प्ले' ऐवजी 'मॅन्युअल' करावी, किंवा कॅमेरा वेगळ्या पीओई स्विचवर घेऊन तो स्विच एनव्हीआरच्या मुख्य नेटवर्क पोर्टला जोडावा. दुसरा मार्ग अधिक चांगला म्हणता येईल, कारण त्यात संगणकावरून कॅमेऱ्यापर्यंत थेट पोचता येते आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला त्याचा उपयोग होतो.

परक्या कॅमेऱ्याशी बोलण्याची सामाईक भाषा म्हणजे ऑनव्हिफ. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ मध्ये एकत्र येऊन हा मंच स्थापन केला, कारण तोवर प्रत्येक कंपनीचा आयपी कॅमेरा फक्त आपल्याच सॉफ्टवेअरशी बोलत होता. ऑनव्हिफमध्ये क्षमतांचे गट केलेले असून त्यांना 'प्रोफाइल' म्हणतात: एस हे प्रोफाइल चित्रप्रवाहाच्या मूलभूत जोडणीसाठी, जी हे साठवलेल्या चित्रीकरणासाठी, २०१८ चे टी हे एच.२६५ सारख्या नव्या संकेतन पद्धती आणि अधिक सुरक्षित प्रवाह यांसाठी, तर एम हे विश्लेषणातून निघणाऱ्या माहितीसाठी आहे. त्यामुळे खोक्यावर नुसते 'ऑनव्हिफ' छापलेले असणे पुरेसे नसते. कोणते मॉडेल, कोणत्या फर्मवेअरसह, कोणत्या प्रोफाइलला अनुरूप आहे याची यादी ही संस्था स्वतः उपलब्ध करून देते, आणि खरेदीपूर्वी कॅमेरा व रेकॉर्डर या दोन्हींच्या नोंदी त्या यादीत पाहून घेण्याइतका उपयुक्त उपाय दुसरा नाही.

ही भाषा दोघांनाही येत असूनही जोडणी अडते ती बहुतेक वेळा ओळखीच्या पायरीवर, आणि याच पायरीवर पडद्यावरचे संदेश सर्वाधिक दिशाभूल करतात. पहिले कारण असे की सुरक्षेसाठी अनेक नव्या कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळातच बंद ठेवलेले असते; ते कॅमेऱ्याच्या नेटवर्क विषयक पानावर जाऊन सुरू करावे लागते. हिकव्हिजनच्या नव्या फर्मवेअरमध्ये तर त्यासाठी वेगळा ऑनव्हिफ वापरकर्ता निर्माण करावा लागतो. कॅमेऱ्याचा नेहमीचा 'ॲडमिन' पासवर्ड अचूक असूनही रेकॉर्डर 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो, कारण त्या नावाचा वापरकर्ता ऑनव्हिफच्या वहीत नसतोच.

दुसरे कारण घड्याळाचे आहे आणि ते सहज सुचत नाही. ऑनव्हिफच्या मूळ पद्धतीत पासवर्ड उघडा पाठवला जात नाही. पासवर्ड, एक यादृच्छिक अंक आणि त्या क्षणाची वेळ यांच्या मिश्रणातून काढलेली एक खूण पाठवली जाते. कोणी ती खूण मध्येच पकडून नंतर पुन्हा वापरू नये, म्हणून कॅमेरा तिच्यातली वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि फरक मोठा असल्यास खूण नाकारतो. काही रेकॉर्डर आधी कॅमेऱ्याची वेळ विचारून तिच्याप्रमाणे खूण तयार करतात, काही करत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या रेकॉर्डरवर घड्याळ चुकलेला कॅमेरा बरोबर पासवर्ड देऊनही आत घेतला जात नाही. वीज गेल्यावर ज्या कॅमेऱ्यांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, ते वीज परतल्यावर 'आपोआप तुटतात' त्याचे कारण हेच. याहून फसवा प्रकार म्हणजे वेळ बरोबर दिसते पण कालविभाग चुकलेला असतो. चीनमध्ये बनलेल्या कॅमेऱ्यांत अनेकदा बीजिंगचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढचा विभाग नोंदलेला असतो. बसवणाऱ्याने विभाग न बदलता फक्त काटे भारतीय वेळेवर आणले, तर पडद्यावरची वेळ अचूक दिसते आणि आतली जागतिक वेळ मात्र अडीच तासांनी मागे राहते. खूण जागतिक वेळेवर बेतलेली असल्याने ती नाकारली जाते. विभाग साडेपाच तासांचा करून मग वेळ लावली की असा 'चुकीचा पासवर्ड' क्षणात दुरुस्त होतो.

तिसरे कारण पहिल्या दोन कारणांच्या पोटातून जन्मते. चुकीच्या ओळखीचे काही प्रयत्न झाले की कॅमेरा त्या पत्त्यावरून येणाऱ्या मागण्या काही काळ, अनेकदा अर्धा तास, अडवून ठेवतो. रेकॉर्डर मात्र दर काही सेकंदांनी प्रयत्न करतच राहतो, त्यामुळे कुलूप उघडले की पुन्हा लागते आणि मधल्या काळात पासवर्ड दुरुस्त केला तरी तो बरोबर आहे हे कधी कळतच नाही. अशा वेळी रेकॉर्डरमधून ती वाहिनी पूर्ण काढून टाकावी, कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करावा, पासवर्ड संगणकावरून कॅमेऱ्याच्या पानावर टाकून पडताळावा आणि मगच वाहिनी नव्याने जोडावी. पासवर्डमध्ये @ किंवा : यांसारखी चिन्हे टाळलेली बरी, आंतरजालाच्या पत्त्यांत या चिन्हांना स्वतःचा अर्थ असल्याने काही रेकॉर्डर तिथेच पत्ता तोडतात.

ओळख पटल्यावर कॅमेरा रेकॉर्डरला चित्रप्रवाहाचा पत्ता देतो. हा प्रवाह आरटीएसपी या नियमावलीने मागवला जातो, ती १९९८ मध्ये प्रमाणित झाली आणि तिचे नेहमीचे पोर्ट ५५४ आहे. तपासणीच्या दृष्टीने ही पायरी फार मोलाची आहे, कारण ती रेकॉर्डरला बाजूला ठेवून आजमावता येते: संगणकावर व्हीएलसी हा मोफत प्लेयर उघडून त्याच्या 'नेटवर्क स्ट्रीम' मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता दिला की चित्र यायला हवे. प्रत्येक कंपनीचा हा पत्ता लिहिण्याचा ढंग वेगळा असतो. तो माहीत नसल्यास ऑनव्हिफ डिव्हाइस मॅनेजर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा उघडून तो वाचता येतो. व्हीएलसीमध्ये चित्र आले तर कॅमेरा, केबल आणि पासवर्ड हे तिन्ही निर्दोष ठरतात आणि संशय रेकॉर्डरवर केंद्रित होतो. अनेक एनव्हीआर 'कस्टम प्रोटोकॉल' या नावाखाली असा पत्ता थेटही स्वीकारतात. ऑनव्हिफवर काहीच जमले नाही तरी त्या वाटेने चित्र मिळवता येते, अर्थात हालचालीच्या सूचना आणि कॅमेरा फिरवण्याची सोय गमावून.

व्हीएलसीमध्ये दिसणारे चित्र रेकॉर्डरवर काळे राहिले तर संकेतनाकडे वळावे. चित्र आकसून पाठवण्याच्या एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) या दोन प्रमाणित पद्धती आहेत. जुना रेकॉर्डर दुसरी उलगडू शकत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याला पहिल्या पद्धतीवर आणावे लागते. याशिवाय कंपन्यांनी या पद्धतींच्या नावापुढे अधिक चिन्ह लावून आपापली 'स्मार्ट' रूपे काढली आहेत. त्यांत पूर्ण चित्रांच्या मधले अंतर दृश्यानुसार वाढवले जाते, म्हणून परक्या रेकॉर्डरवर थेट चित्र ठीक दिसले तरी मागचे चित्रीकरण पाहताना ते अडखळते किंवा उशिरा सुरू होते. परक्या कॅमेऱ्यात हा 'स्मार्ट' पर्याय बंद ठेवून पूर्ण चित्राचे अंतर एक-दोन सेकंदांवर आणणे हा खात्रीचा उपाय आहे, जरी त्याने साठवण वाढते. प्रवाहाचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट ठेवल्यास एका कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रीकरण सुमारे ४३ गिगाबाइट होते, हे हार्ड डिस्क निवडताना विसरू नये. रेकॉर्डरच्या एकूण आवक-क्षमतेचाही हिशेब करावा: ८० मेगाबिटची मर्यादा असलेल्या रेकॉर्डरला १२ मेगाबिटचे आठ कॅमेरे लावले तर बेरीज ९६ होते आणि शेवटचे कॅमेरे नाकारले जातात. एकेक वाहिनी पूर्ण पडद्यावर दिसते पण सोळा चौकटींच्या दृश्यात काळी राहते, असा अनुभव असल्यास दोष बहुधा सबस्ट्रीमचा, म्हणजे छोट्या चौकटींसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या प्रवाहाचा असतो. तो कॅमेऱ्यात सुरू आहे आणि एच.२६४ मध्ये आहे याची खात्री करावी.

चित्र दिसू लागले की काम संपले असे मानले जाते, आणि सर्वांत गंभीर चूक नेमकी इथे घडते. डिस्क वाचवण्यासाठी रेकॉर्डर बहुधा हालचाल झाली तेव्हाच नोंद करण्याच्या पद्धतीवर ठेवलेला असतो. परक्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हालचाल ओळखण्याचे काम सहसा कॅमेरा करतो आणि तशी सूचना ऑनव्हिफमधून पाठवतो. मात्र या सूचनेचे शीर्षक सर्व कंपन्या एकसारखे वापरत नाहीत. चित्राचे चौकोन पाडून त्यांतला बदल मोजणारे कॅमेरे एका शीर्षकाखाली सूचना देतात, इतर काही कॅमेरे साध्या गजराच्या शीर्षकाखाली, आणि रेकॉर्डर यांपैकी एकच ऐकत असेल तर दुसरी सूचना वाया जाते. थेट चित्र उत्तम दिसते, वाहिनी हिरवी असते, आणि चोरीनंतर शोध घेतला तर त्या रात्रीचे चित्रीकरणच नसते. परका कॅमेरा जोडल्यावर त्याच्यासमोर चालून जाणे, दहा मिनिटांनी रेकॉर्डरच्या कालपट्टीवर त्या वेळेची नोंद शोधणे आणि ती न सापडल्यास त्या वाहिनीचे रेकॉर्डिंग अखंड चालू ठेवणे हा जोडणीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे. रेषा ओलांडणे, माणूस व वाहन यांतला भेद, चेहरा ओळखणे या गोष्टी तर बहुतेक वेळा कंपनीच्या खाजगी भाषेतच राहतात. ज्या जागी त्यांची खरी गरज आहे तिथे कॅमेरा रेकॉर्डरच्याच कंपनीचा घेणे योग्य, आणि जिना, वाहनतळ, गच्ची अशा साध्या निगराणीच्या जागी सरमिसळ करायला हरकत नाही.

घड्याळाचा प्रश्न इथेही सुटत नाही. स्वतःच्या कंपनीच्या कॅमेऱ्यांची वेळ रेकॉर्डर जुळवत राहतो, परक्या कॅमेऱ्याची जुळवेलच असे नाही. मग चित्रावर कॅमेऱ्याने छापलेली वेळ एक आणि रेकॉर्डरच्या नोंदीतली वेळ दुसरी अशी स्थिती येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रीकरण पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिच्यातला एक बिट जरी बदलला तरी बदलणारी गणिती खूण, नोंदवावी लागते. परंतु हॅश फाइल बदललेली नाही एवढेच सांगते. घटना केव्हा घडली याबाबतचा संशय ती दूर करू शकत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेण्याची सोय, सुरू करून सर्वांना एकाच ठिकाणाहून वेळ देणे, दोनपैकी एकच वेळ चित्रावर छापणे आणि पोलिसांना चित्रीकरण सुपूर्द करताना रेकॉर्डरचे घड्याळ प्रत्यक्ष भारतीय प्रमाणवेळेपेक्षा किती पुढे वा मागे होते हे त्याच दिवशी लेखी नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते.